मलय तरुणानं मन कसं जिंकावं: 'बुदी बहासा'च्या वाटेनं जाणारं मार्गदर्शन

"काक, माझं नेमकं चुकतं कुठे?"

क्वालालंपूरमधल्या आमच्या ऑफिसात तरुण मलय मुलं मला 'काक' म्हणतात. 'काकाक' म्हणजे थोरली बहीण, त्याचं हे घरगुती रूप. विचारणारा सव्वीस वर्षांचा, तेरेंगानूहून नोकरीसाठी शहरात आलेला. दोन मुलींना भेटला होता आणि दोघींनीही पुढे मेसेजला उत्तर दिलं नव्हतं. मग त्यानं मोबाइलवर परदेशी व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. मुलीला मुद्दाम उशिरा उत्तर द्या, जरा टोचून बोला, आपल्यामागे पुष्कळ जणी आहेत असं भासवा. हे सगळं इमानेइतबारे केल्यावर तिसरी मुलगीही गेली.

त्याच्याशी आणि नंतर त्याच्यासारख्या आणखी काही जणांशी जे बोलणं झालं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ऑफिसातल्या मलय मैत्रिणींनी त्यात बरीच भर घातली. मराठीत लिहायचं कारण असं की इथे शिकायला, नोकरीला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मलय मित्र, रूममेट, सहकारी मिळतात आणि हाच प्रश्न कधी ना कधी त्यांच्याही पुढ्यात येतो. माझं मत पक्कं आहे: मलय पुरुषाला हवाहवासा व्हायला बाहेरून काही उसनं आणावं लागत नाही. लागतं ते सगळं त्याच्या आजीच्या बोलण्यात आहे, फक्त ते शहरात वापरायची त्याला लाज वाटते.

आधी शब्द समजून घ्यावेत

मलय माणूस दुसऱ्याला जोखताना दोन शब्द वापरतो, 'हालुस' आणि 'कासार'. हालुस म्हणजे तलम, मऊ, सुसंस्कृत. कासार म्हणजे खरखरीत, राकट, असभ्य. कापड हालुस असतं, तसंच बोलणं, चालणं, जेवणं आणि नकार देणंही हालुस असतं.

सभ्यतेला त्यांचा शब्द आहे 'बुदी बहासा'. सरळ आपल्या बुद्धी आणि भाषा या शब्दांवरून आलेला. अर्थ मात्र तिथे गेल्यावर बदलला: बुदी म्हणजे मनाचा चांगुलपणा, आणि बहासा म्हणजे तो चांगुलपणा व्यक्त होतो ती वाणी आणि रीत. त्यांचा एक जुना पांतुन, म्हणजे चार ओळींची कविता, आहे: 'यांग कुरिक इतु कुंदी, यांग मेराह इतु सागा, यांग बाइक इतु बुदी, यांग इंदाह इतु बहासा.' ठिपक्यांची ती कुंदी, लाल ती 'सागा' नावाच्या झाडाची बी. चांगली ती बुदी, सुंदर ती बहासा. चेहरा, गाडी, पगार यांचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.

दुसऱ्या टोकाला 'कुरांग आजार' ही शिवी. शब्दशः 'शिकवण कमी पडलेला'. आपल्याकडे 'आईबापांनी हेच शिकवलं का?' म्हटल्यावर जसं झोंबतं तसं ते झोंबतं, कारण त्यात त्याच्यासोबत त्याचं घरही येतं. मुलगी ज्याला एकदा मनात कुरांग आजार ठरवते, त्याला दुसरी भेट नाही.

पहिली पायरी: तोंडातली भाषा

सुरुवात कपड्यांपासून करायचा मोह होतो. मी सर्वनामांपासून करायला सांगते.

मलयमध्ये 'मी-तू' यासाठी दोन जोड्या रोज कानावर पडतात. 'आकू-काउ' ही मित्रांची, गल्लीतली, रागातली जोडी. 'साया-आवाक' ही सभ्य जोडी. शहरातली मुलं मित्रांशी दिवसभर आकू-काउ बोलतात आणि मुलीशी बोलतानाही तीच जीभ चालते. सुरुवातीला साया-आवाकच वापरावं. माझी एक मैत्रीण म्हणाली, पहिल्याच कॉफीला त्यानं मला 'काउ' म्हटलं आणि माझ्या मनात दार लागलं. आपल्याकडे स्थळ बघायला आलेल्या मुलानं पहिल्याच वाक्यात 'ए, तू' म्हणावं तसंच हे. पुढे जवळीक वाढली की ती आपणहून त्याला 'आबांग' म्हणू लागते. आबांग म्हणजे थोरला भाऊ, पण प्रियकराला आणि नवऱ्यालाही हीच हाक. ती मागून घ्यायची नसते. 'मला आबांग म्हण ना' असं दुसऱ्या दिवशी म्हणणारा मुलगा 'गाताल' ठरतो. गाताल म्हणजे खाज सुटलेला, चळलेला.

कौतुकाचंही तसंच. शरीराबद्दल बोलू नये, तिच्या कामाबद्दल, तिच्या निवडीबद्दल, तिनं कोणासाठी काय केलं त्याबद्दल बोलावं. सतत गोड बोलणाऱ्याला 'मुलुत मानिस', गोड तोंडाचा, म्हणतात आणि त्यात शंका असते. त्यापुढची पायरी 'बुआया दारात', म्हणजे जमिनीवरची मगर, अनेकींच्या मागे लागणारा. एकाच आठवड्यात चार मुलींना सारखाच मेसेज पाठवला तर क्वालालंपूर कितीही मोठं असलं तरी त्या चौघींमध्ये कोणीतरी कोणाची तरी चुलतबहीण निघते.

आणि पांतुन शिकावेत, निदान दहा-बारा. पांतुन म्हणजे चार ओळींची रचना. पहिल्या दोन ओळींत निसर्गातलं किंवा रोजच्या जगण्यातलं चित्र, ती 'पेंबायांग', म्हणजे पडछाया. खरा अर्थ शेवटच्या दोन ओळींत. पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी. 2020 साली युनेस्कोनं इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन्ही देशांच्या नावे पांतुनला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. सगळ्यांना पाठ असलेला एक असा: 'दारी माना दातांगन्या लिंताह? दारी सावाह तुरुन के काली. दारी माना दातांगन्या चिंता? दारी माता तुरुन के हाती.' जळू कुठून येते? भातशेतातून ओढ्यात उतरते. प्रेम कुठून येतं? डोळ्यांतून काळजात उतरतं. प्रेमाला तिथे शब्द आहे 'चिंता', आपल्याच भाषाकुळातून गेलेला. मराठी माणसाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा तो क्षणभर गप्प होतो, मी झाले होते.

पांतुनचा उपयोग असा की मनातली गोष्ट थेट न बोलता बोलता येते, आणि समोरचीला आवडली नाही तर ती हसून जळूबद्दल बोलू शकते. कोणाची 'आयर मुका' जात नाही. आयर म्हणजे पाणी, मुका म्हणजे मुख. चेहऱ्यावरचं पाणी, आपल्या भाषेत अब्रू. ती स्वतःची आणि तिचीही राखणं हा हालुसपणाचा गाभा.

दुसरी पायरी: अंग, वास, कपडे

क्वालालंपूरची हवा म्हणजे मुंबईचा मे महिना, पण बाराही महिने. दुपारी 32-33 अंश आणि दमट. तिथे दिवसातून दोनदा अंघोळ ही गरज आहे. ऑफिसातून थेट भेटायला जायचं असेल तर बॅगेत दुसरा शर्ट ठेवावा. मोटरसायकलवरून येणाऱ्यानं हेल्मेटचा आतला भाग धुवावा. डोक्याला येणारा वास त्याला स्वतःला कळत नाही, तिला कळतो. सांबाल बेलाचान (कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याची तिखट चटणी) किंवा पेताइ (उग्र वासाच्या शेंगांच्या बिया) दुपारी खाल्लं असेल तर संध्याकाळी तोंडाची काळजी घ्यावी. अत्तर एक थेंब, मनगटाला. नखं कापलेली. दाढी ठेवायची तर रेषा नीट. सिगारेट आणि व्हेप दूर ठेवावेत. मलेशियात 1 जानेवारी 2019 पासून खाण्याच्या सगळ्या ठिकाणी सिगारेटला बंदी आहे, आणि जेवण अर्ध्यावर सोडून तीनदा बाहेर जाणारा मुलगा तिला एकटीला टेबलावर बसवून ठेवतो.

कपड्यांत सगळ्यात मोठी संधी मलय मुलं वाया घालवतात ती 'बाजू मलायू'ची. हा त्यांचा पारंपरिक सदरा-पायजमा. त्याचे दोन मुख्य प्रकार. 'चेकाक मुसांग'ला उभी कॉलर आणि पाच बटणं असतात. जोहोरच्या 'तेलुक बेलांगा'ला कॉलर नसते, गळा गोल, बटण एकच आणि गळ्याच्या कडेला 'तुलांग बेलुत' नावाची, वाम माशाच्या काट्यासारखी बारीक शिलाई. कमरेला 'साम्पिंग', म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारं कापड, आणि सणासमारंभाला ते सोंगकेतचं, जरीच्या धाग्यांनी विणलेलं. चेकाक मुसांगवर साम्पिंग सदऱ्याच्या बाहेरून बांधतात, तेलुक बेलांगाला सदऱ्याच्या आतून. हा फरक न कळणारे मुलगे मी ईदच्या दिवशी दरवर्षी पाहते, आणि त्यांच्या मावश्याही पाहतात.

आमच्या त्या तेरेंगानूच्या मुलाला मी विचारलं, साम्पिंग कोण बांधून देतं? म्हणाला, आई. सव्विसाव्या वर्षी! जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका वयस्कर ड्रायव्हर काकांनी, 'पाक चिक' म्हणतात त्यांना, त्याला स्टोअररूममध्ये उभं केलं. कापड नळीसारखं शिवलेलं असतं. त्यात पाय घालून उभं राहायचं, कमरेला बरोबर उंची धरायची, एका बाजूला ताणून घ्यायचं, उरलेली घडी पोटावरून आडवी आणायची आणि वरची कड घट्ट दुमडत न्यायची. पहिल्या वेळी एक बाजू लोंबली. दुसऱ्या वेळी चालताना सुटलं. पाक चिकांनी प्रत्येक वेळी न बोलता सगळं सोडून पुन्हा त्याच्या हातात दिलं. पाचव्या वेळी बसलं. त्यानं आरशात पाहिलं तेव्हा त्याचे खांदे आपोआप मागे गेले होते.

रोजच्यासाठी बाटिकचा एक चांगला शर्ट पुरे. सरकारी कर्मचारी गुरुवारी बाटिक घालतात, त्यामुळे तो कुठेही शोभतो. अंगाला नीट बसणारा घ्यावा, ब्रँडची मोठी अक्षरं टाळावीत.

तिसरी पायरी: हात आणि पावलं

हे वाचून येत नाही, घरी सराव करावा लागतो. बोट दाखवायचं तर तर्जनीनं नाही, मूठ मिटून उजव्या हाताच्या अंगठ्यानं. वस्तू देताना उजवा हात, डावा हलकेच मनगटाखाली किंवा कोपराखाली. मोठ्यांच्या समोरून जाताना किंचित वाकून, उजवा हात खाली धरून जायचं. त्यांच्या हातात हात देताना त्यावर ओठ किंवा कपाळ टेकवायचं. स्त्रीकडे आपणहून हात पुढे करायचा नाही. आपला उजवा हात छातीवर ठेवून मान लववायची आणि तिनं हात पुढे केला तरच हलका स्पर्श. जमिनीवर बसायचं तर मांडी घालून, पाय कोणाकडे न रोखता.

मैत्रिणी एकमुखानं सांगतात की त्या मुलगा आपल्याशी कसा वागतो हे फारसं बघत नाहीत. तेव्हा प्रत्येक जण नीटच वागतो. त्या बघतात ठेल्यावरच्या 'माक चिक'शी, म्हणजे मावशीशी, तो कसा बोलतो. कांपुंग बारू या शहरातल्या मलय वस्तीत नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, घेताना ताट पुढे करून नुसतं 'अंडं जास्त' म्हणणारा आणि 'माक चिक, अंडं मिळेल का? तेरिमा कासिह (आभारी आहे)' म्हणणारा यांच्यात त्यांचा निर्णय होऊन जातो. मला वाटतं, या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगाची ओळ हीच असेल.

चौथी पायरी: मेसेज

'दाह माकान?' म्हणजे 'जेवलीस का?' आपल्या घरांतला सगळ्यात मायेचा प्रश्न त्यांच्याकडेही तोच आहे. पण रोज तीन वेळा तोच पाठवला तर त्याचा हजेरीपट होतो. त्याला काहीतरी जोडावं: 'मी आज ज्या ठिकाणी लाक्सा (रस्सेदार नूडल्स) खाल्ला तिथे तुझ्या आईच्या गावची चव होती.' यात तिचं बोलणं लक्षात ठेवल्याची खूण आहे.

उशिरा उत्तर देण्याचे खेळ करू नयेत. रात्री अकरानंतर 'झोपलीस?' नाही. फोटो मागायचा नाही, कोणताही. तिनं दोन शब्दांत उत्तर दिलं तर आपण वीस ओळी लिहू नयेत. आणि पहिल्या आठवड्यातच 'सायांग' म्हणजे 'लाडके' लिहिणाऱ्याला माझ्या माहितीतल्या एकाही मुलीनं दुसरी संधी दिलेली नाही.

पाचवी पायरी: भेट

मलेशियाच्या राज्यघटनेच्या 160व्या कलमात 'मलय' कोण हे लिहिलेलं आहे: इस्लाम मानणारा, मलय बोलणारा, मलय रीतिरिवाज पाळणारा. धर्म, भाषा आणि रीत कायद्यानेच एकत्र बांधलेली असल्यामुळे भेटीची पद्धतही त्या चौकटीतच ठरते. परक्या स्त्री-पुरुषानं एकांतात असणं, 'खलवत', हा शरिया कायद्याखाली गुन्हा आहे. क्वालालंपूर, पुत्रजाया आणि लाबुआन या संघीय प्रदेशांत 1997च्या कायद्यानुसार 3,000 रिंगिटपर्यंत दंड, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी: प्रकरण झालं तर मुलीच्या नावाची जास्त चर्चा होते. म्हणून जागा उजेडाची, माणसांची निवडणं हा तिच्याविषयीचा आदर आहे. 'माझ्या खोलीवर चल, सिनेमा बघू' हे गमतीतही म्हणू नये.

जागांची कमतरता नाही. तितिवांगसाच्या तळ्याभोवती संध्याकाळची फेरी, इस्लामी कला संग्रहालय, 1888 साली सुरू झालेला सेंट्रल मार्केट. संग्रहालय मला विशेष आवडतं, कारण बोलायला काही सुचलं नाही तर बघायला असतं आणि गप्प राहणंही अवघड होत नाही.

वेळ ठरवताना मगरिबची नमाज लक्षात ठेवावी. क्वालालंपूरमध्ये ती सात ते साडेसातच्या दरम्यान सुरू होते. 'सात वाजता भेटू' म्हणणाऱ्यानं आधी विचारच केलेला नाही हे तिला कळतं. पाच वाजता भेटावं, किंवा नमाजनंतर आठला, आणि मॉलमधला 'सुराउ' म्हणजे नमाजची खोली कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावं. आणि वेळेवर पोहोचावं. उशिरा येण्याला मलय लोक स्वतःच 'जांजी मलायू', मलय वायदा, म्हणतात. दहा मिनिटं आधी येऊन उभा असलेला मुलगा हा टोमणा एकटा पुसून टाकतो.

बिल पहिल्या वेळी त्यानं द्यावं, गाजावाजा न करता. तिनं पुढच्या वेळी 'मी देते' म्हटलं तर देऊ द्यावं. पगार, गाडी, हप्ते यांच्या गोष्टी नकोत. सरकारी विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, समोरची बहुधा त्याच्याइतकी किंवा जास्त शिकलेली असते. ती केलांतान राज्यातली असेल तर तिनं कोता बारूच्या सिती खदिजा बाजारात बायकांनी चालवलेली दुकानं लहानपणापासून पाहिलेली असतात. तिला कमाईचं अप्रूप नाही. तिला प्रश्न विचारावेत आणि उत्तर संपेपर्यंत मोबाइल उलटा ठेवावा.

सहावी पायरी: हेतू सांगणं, घर गाठणं

दोन-तीन महिने झाले की बऱ्याच मलय मुलींना एक गोष्ट स्पष्ट हवी असते: हे कुठे जाणार? मुलगे इथे लांबण लावतात. लग्नाचा विचार असेल तर सांगावं, नसेल तर तेही सांगावं. तिची वर्षं अडवून ठेवणं यापेक्षा कासार काही नाही.

मग 'मेरिसिक' येतं. मुलाकडची मोठी माणसं मुलीच्या घरी जाऊन हळूच चौकशी करतात: बागेत फूल फुललंय असं ऐकलं, कोणी खुडलंय का? आपल्या कांदेपोह्यांपेक्षा वेगळं इतकंच की रीतीनुसार मुलगा स्वतः जात नाही. त्यानंतर 'मेमिनांग', मागणी. हा शब्द 'पिनांग' म्हणजे सुपारीवरून आला आहे, आणि तबकात विड्याची पानं-सुपारी पुढे ठेवूनच ती घालतात. आपल्याकडे लग्न ठरलं की 'सुपारी फुटली' म्हणतात, ते मी आमच्या पाक चिकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा एकदा म्हणून दाखवायला लावलं.

पैशाचं आधी दोघांत बोलून घ्यावं. 'मास काहविन' म्हणजे मेहर ही धर्मानं ठरवलेली, मुलीच्या हक्काची. 'हांतारान', म्हणजे मुलाकडून मुलीकडे द्यायची रक्कम, ही रूढी, आणि तिचा आकडा दहा हजार रिंगिटच्या पुढे सहज जातो. नातेवाइकांच्या तोंडाकडे बघून कर्ज काढू नये. जमेल तो आकडा तिला शांतपणे सांगणारा मुलगा तिच्या नजरेत उतरत नाही, चढतो. मुलगी नेगेरी सेंबिलान राज्यातली असेल तर तिथली 'आदात पर्पातिह' समजून घ्यावी: कूळ आणि वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. तिच्या आईचं आणि मामांचं मत तिथे जड असतं.

कोणाच्याही घरी रिकाम्या हातानं जाऊ नये. नेतात त्याला 'बुआह तांगान' म्हणतात, हाताचं फळ.

आणि नकार आला तर

ती बहुतेक वेळा 'नाही' म्हणणार नाही. 'सध्या कामात आहे', 'बघू या', 'इन्शाअल्ला' म्हणेल आणि पुढची तारीख देणार नाही. दोनदा असं झालं की तो नकार समजावा. कारण विचारू नये, मैत्रिणीकडून निरोप पाठवू नये, रात्री लांबलचक मेसेज लिहू नये. 'ताक आदा जोदोह', जोडी जमायची नव्हती, एवढं म्हणून चांगलं चिंतावं. आमच्या ऑफिसातल्या एकीनं आपली धाकटी बहीण सुचवली ती अशाच एका मुलाला, ज्याला तिनं स्वतः वर्षापूर्वी नकार दिला होता आणि ज्यानं तो नीट घेतला होता.

तेरेंगानूच्या त्या मुलाचं म्हणाल, तर येत्या शनिवारी त्याची आई आणि मोठी मावशी बसनं येणार आहेत, मेरिसिकला. त्यानं मला विचारलं, मी पण जाऊ का सोबत? मी म्हटलं, तू घरी थांब. बुआह तांगानचं त्याच्या आईनं आधीच ठरवलं आहे: गावाकडचं केरोपोक लेकोर, म्हणजे माशाच्या पिठाच्या कांड्या, पहाटे बांधून घेतलेलं, तळायचं मात्र मुलीच्या घरी पोहोचल्यावर.